'पँथर' या शब्दाचा प्रवास : रे रोड-भायखळा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगत, गोदीच्या मागील बाजूस रे रोड हे रेल्वे स्थानक आहे. कुर्ला ते रे रोड हा लोहमार्ग १९१० च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि १९२५ मध्ये तो विजेच्या गाडीसह व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत जोडला गेला. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागाला मिळाले. लाकडाच्या वखारी, दारूखान्यातील भंगाराचा व्यापार, जहाजे तोडण्याची कामे आणि गोदीतील मजुरी ही या भागाची ओळख होय. येथून पश्चिमेकडे निघाले असता प्रथम भायखळ्याची राणीची बाग व तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय लागते आणि आणखी पुढे नागपाडा ओलांडल्यावर कामाठीपुरा लागतो.

अवघ्या काही किलोमीटरच्या या पट्ट्यात 'पँथर' या इंग्रजी शब्दाच्या इतिहासातील दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. १८८३ मध्ये भायखळ्याच्या संग्रहालयात निसर्ग-अभ्यासकांची एक संस्था स्थापन झाली. 'पँथर' हे नेमके कोणत्या प्राण्याचे नाव, या प्रश्नाची चर्चा तिच्या वर्तुळात पुढे दीर्घकाळ चालली. १९७२ मध्ये कामाठीपुऱ्याच्या परिसरात काही दलित तरुणांनी हाच शब्द आपल्या संघटनेचे नाव म्हणून स्वीकारला. आज मराठीत 'पँथर' असे नुसते म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जंगलातील श्वापद येत नाही, चळवळीतला माणूस येतो. परभाषेतील पशुवाचक शब्दाचा असा अर्थपालट कसा झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शब्दाची व्युत्पत्ती

इंग्रजीतील 'पँथर' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'पँथेरा' पासून व लॅटिनमध्ये ग्रीक 'पान्थेर' पासून आला. ग्रीकांनी या शब्दाची फोड आपल्या भाषेच्या आधारे केली. 'पान' म्हणजे सर्व आणि 'थेर' म्हणजे श्वापद, म्हणून 'पान्थेर' म्हणजे सर्व श्वापदे, असा अर्थ लावला गेला. भाषाशास्त्रज्ञ ही लोकव्युत्पत्ती मानतात, म्हणजे परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दांचे कपडे चढवण्याचा हा प्रकार आहे. परंतु तिचा परिणाम मोठा झाला. ज्या प्राण्याच्या नावातच 'सर्व' आहे, त्याच्याविषयी सर्वसमावेशक कथा रचल्या गेल्या. 'फिजिओलॉगस' या प्राचीन ग्रंथात व त्याच्या आधारे रचलेल्या मध्ययुगीन प्राणिकथासंग्रहांत पँथर हा सुगंधी श्वासाचा, सर्व प्राण्यांना आपल्याकडे ओढून घेणारा आणि केवळ अजगरसदृश ड्रॅगनचा शत्रू असलेला प्राणी आहे. पोटभर खाऊन तो तीन दिवस झोपतो व नंतर उठून गर्जना करतो. ख्रिस्ती लेखकांनी यात ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे रूपक पाहिले. ज्यांनी हा प्राणी कधी पाहिला नव्हता अशा देशांत त्याचे असे चरित्र शेकडो वर्षे वाचले गेले.

शब्दाचे मूळ ग्रीसच्या पूर्वेला असावे, असे अनेक कोशकारांचे मत आहे. त्या संदर्भात संस्कृत 'पुण्डरीक' हा शब्द तुलनेसाठी पुढे ठेवला जातो. 'पुण्डरीक' म्हणजे पांढरे कमळ हा अर्थ मराठी वाचकाला परिचित आहे. पंढरीच्या पुंडलिकाच्या नावामागेही हाच शब्द सांगितला जातो. मात्र संस्कृत कोशांत 'पुण्डरीक' या शब्दाचा एक अर्थ 'वाघ' असाही दिलेला आहे. ही तुलना सर्वमान्य झालेली नाही, परंतु ती ग्राह्य धरल्यास 'पँथर' हा शब्द भारतीय उपखंडाच्या दिशेने पश्चिमेकडे गेला आणि ग्रीस, रोम, फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका अशी यात्रा करून मुंबईत परतला, असे म्हणावे लागते.

पँथर, लेपर्ड आणि चीता

युरोपीय भाषांत ठिपकेदार श्वापदांच्या नावांचा गोंधळ प्राचीन काळापासून होता. रोमन लेखक प्लिनी याने 'पार्डस' हे नराचे आणि 'पँथेरा' हे मादीचे नाव मानले. सिंहीण व 'पार्ड' यांच्या संकरातून एक वेगळा प्राणी जन्मतो अशी समजूत होती. 'लिओ' म्हणजे सिंह आणि 'पार्डस' या दोन शब्दांच्या जोडणीतून 'लेपर्ड' हे नाव तयार झाले. म्हणजे आज ज्याला इंग्रजीत 'लेपर्ड' म्हणतात त्याचे नाव एका काल्पनिक संकराची आठवण आहे.

'चीता' या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. संस्कृत 'चित्र' म्हणजे ठिपकेदार, रंगीबेरंगी. 'चित्रक' पासून हिंदी 'चीता' व मराठी 'चित्ता' हे शब्द आले आणि भारतातूनच तो इंग्रजीत गेला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे. शिकारीसाठी चित्ते पाळण्याची पद्धत मोगलांपासून संस्थानिकांपर्यंत चालत आली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानात आफ्रिकेतून आणलेले चित्ते शिकारीसाठी बाळगले जात. १९५२ मध्ये भारतातून हा प्राणी नामशेष झाल्याचे जाहीर झाले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. प्राणी गेला तरी नाव राहिले आणि ते बिबट्यालाही लावले जाऊ लागले. आजही अनेक ठिकाणी बोलण्यात बिबट्याला 'चित्ता' म्हटले जाते.

मराठीतील नावे

मराठी बोलीत 'वाघ' हा शब्द एका प्राण्यापुरता मर्यादित नाही. संस्कृत 'व्याघ्र' पासून आलेल्या या शब्दात पट्टेवाला व ठिपकेवाला असे दोन्ही येतात. फरक करायचा झाल्यास 'पट्टेरी वाघ', 'ढाण्या वाघ' आणि 'बिबट्या वाघ' असे म्हटले जाते. विदर्भात 'बिबळा', 'बिबळ्या' ही रूपे रूढ आहेत. अमरकोशातही 'शार्दूल' व 'द्वीपी' हे शब्द 'व्याघ्र' या एकाच शब्दाच्या पर्यायांत दिलेले आढळतात. ठाणे-पालघर भागातील वारली व अन्य समाज ज्या वाघोबाची पूजा करतात, त्या देवतेच्या नावातही पट्टे की ठिपके हा प्रश्न नाही. ज्याच्या भीतीने गुरे गोठ्यात बांधायची आणि ज्याच्याशी शेजारधर्म पाळायचा, तो वाघ.

हे लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण इंग्रज अधिकारी व शिकारी जेव्हा स्थानिक लोकांना प्राण्यांची नावे विचारू लागले, तेव्हा एका व्यवस्थेतील नावे दुसऱ्या व्यवस्थेत बसवण्याचा प्रश्न उभा राहिला. वॉल्टर एलियट यांनी १८३९ मध्ये दक्षिण मराठा प्रदेशातील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. धारवाड भागातील कानडी बोलणारे लोक ठिपकेदार वाघाचे दोन प्रकार मानतात व त्यांना दोन नावे देतात, हे त्यांनी नोंदवले. पुढील अर्धशतक चाललेल्या 'एक प्राणी की दोन' या वादाला या नोंदीने बळ दिले.

भायखळा, १८८३

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ व्यक्ती एकत्र आल्या आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत सहा युरोपीय व दोन भारतीय होते. प्रार्थना समाजाचे अध्वर्यू डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वैद्यकशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन हे ते दोन भारतीय होत. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल हे त्याच्या आरंभीच्या संपादकांपैकी एक होते.

स्टर्नडेल यांनी सातपुड्याच्या जंगलात बराच काळ घालवला होता. सिवनी परिसरावरील त्यांचे पुस्तक १८७७ मध्ये निघाले. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी 'जंगल बुक' साठी त्याच परिसराची पार्श्वभूमी घेतली. किपलिंग यांचा बगीरा हा काळा पँथर राजवाड्यातील पिंजऱ्यात जन्मलेला आणि कुलूप तोडून जंगलात परतलेला आहे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारत व श्रीलंकेतील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात स्टर्नडेल यांनी 'पार्ड' आणि 'पँथर' यांना स्वतंत्र प्राणी म्हणून नोंदवले. शिकारी मंडळींतही याबाबत एकमत नव्हते. कोणी मोठ्या जनावराला पँथर म्हणे व लहानाला लेपर्ड, तर कोणी नेमके उलट सांगे. १८८८ ते १८९१ या काळात निघालेल्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी दोन्ही नावे एकाच प्राण्याची ठरवली. आकार व रंग यांतील फरक हे एकाच जातीतील भेद आहेत, ही भूमिका पुढे मान्य झाली.

काळा पँथर हाही वेगळा प्राणी नाही. बिबट्याच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याचे प्रमाण वाढले की तो काळा दिसतो. उन्हात नीट पाहिल्यास त्याचे ठिपके दिसतात. येथे नावाच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट सांगावी लागते. भारतीय बिबट्याचे शास्त्रीय नाव 'पँथेरा पार्डस फुस्का' असे आहे. लॅटिन 'फुस्का' म्हणजे काळपट. १७९४ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ मायर यांनी हे नाव दिले ते बंगालमधील एका काळ्या जनावरावरून. म्हणजे सह्याद्रीतील पिवळ्या बिबट्याचेही शास्त्रीय नाव एका काळ्या पँथरवरून पडलेले आहे.

विसाव्या शतकात 'पँथर' शब्दाचे दोन मार्ग झाले. शास्त्रात 'पँथेरा' हे संपूर्ण गणाचे नाव बनले. वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या या पाचही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ आज 'पँथेरा' ने होतो. ग्रीकांनी चुकीने लावलेला 'सर्व श्वापदे' हा अर्थ अशा रीतीने जवळजवळ खरा ठरला. इंग्रजी व्यवहारात मात्र 'पँथर' मागे पडत गेला. १९३० मध्ये पोकॉक यांनी भायखळ्यात जन्मलेल्या या संस्थेच्याच नियतकालिकात आशियातील या प्राण्यांवर लिहिले, तेव्हा त्यांनी शीर्षकात 'पँथर' हाच शब्द वापरला होता. स्वातंत्र्योत्तर काळात 'लेपर्ड' रूढ झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत पुढे अनेक वर्षे या प्राण्याची नोंद 'लेपर्ड किंवा पँथर' अशी दोन्ही नावांनी होती. प्राणिशास्त्राला ज्याची गरज उरली नव्हती असा हा शब्द १९७२ मध्येच मुंबईत दुसऱ्या कामासाठी उचलला गेला.

अलाबामा ते ऑकलंड

त्याआधी अमेरिकेतील टप्पा पाहणे आवश्यक आहे. युरोपातून गेलेल्या वसाहतवाल्यांनी तेथील प्यूमा या प्राण्याला 'पँथर' म्हटले, कारण मोठ्या मांजरवर्गीय श्वापदासाठी तोच शब्द त्यांच्यापाशी होता. फ्लोरिडातील प्यूमाला आजही पँथर म्हणतात. १९६५-६६ मध्ये अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीत कृष्णवर्णीयांनी स्वतंत्र राजकीय संघटना उभारली. तेथील लोकसंख्येत बहुसंख्य असूनही १९६५ च्या आरंभी त्यांची मतदार म्हणून नोंदणी जवळजवळ नव्हतीच. अनेक मतदारांना वाचता येत नसल्याने मतपत्रिकेवर पक्षाचे चित्र असणे आवश्यक होते. निवडणूक चिन्हाचे महत्त्व भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते. त्याच्यासमोर या संघटनेने काळा पँथर ठेवला. कोणी मागे रेटत नेले तर हा प्राणी मागे सरतो, पण कोपऱ्यात सापडला की प्राणपणाने लढतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. हेच चिन्ह घेऊन १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनी कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे ब्लॅक पँथर पार्टीची स्थापना केली.

कामाठीपुरा, १९७२

महाराष्ट्रात त्या वेळी दलितांवरील अत्याचारांच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील इळयापेरुमल समितीच्या अहवालाने देशभरातील अत्याचारांचे चित्र समोर ठेवले होते. पुणे जिल्ह्यातील बावडा येथील बहिष्कार आणि परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथील स्त्रियांची विटंबना या घटनांनी शहरातील शिक्षित दलित तरुण अस्वस्थ झाला. रिपब्लिकन पक्ष गटबाजीने दुबळा झाला होता. या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथरची उभारणी केली. कामाठीपुऱ्यातील सिद्धार्थनगर हे आरंभीच्या हालचालींचे केंद्र होते. ढसाळांचा 'गोलपिठा' हा काव्यसंग्रह याच वर्षी निघाला. राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधना' च्या ऑगस्ट १९७२ च्या अंकात प्रसिद्ध होऊन मोठे वादळ उठले. १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' या संज्ञेत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर व स्त्रिया यांचा समावेश करण्यात आला आणि अमेरिकेतील ब्लॅक पँथरच्या लढ्याशी नाते सांगण्यात आले.

नाव कोणी सुचवले याविषयी चळवळीतील व्यक्तींच्या साक्षी भिन्न आहेत. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, मराठीत 'वाघ' व 'बिबट्या' असे समर्थ शब्द असताना इंग्रजी शब्द का स्वीकारला गेला?

अनुवाद का झाला नाही?

याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण असे की, मुंबईच्या राजकारणात 'वाघ' आधीच व्यापलेला होता. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने वाघाचे चित्र आपले बोधचिन्ह केले होते. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या वेळी वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली आणि १० जानेवारीला परळ येथे मोर्चावर झालेल्या हल्ल्यात भागवत जाधव यांचा मृत्यू झाला. अशा संघर्षात प्रतिस्पर्ध्याचा शब्द वापरणे शक्य नव्हते.

दुसरे कारण नामकरणाच्या अधिकाराशी निगडित आहे. माणसाने पशूचे नाव धारण करणे ही गोष्ट नवी नाही. वाघ, वाघमारे, लांडगे, कोल्हे ही आडनावे महाराष्ट्रात सर्वत्र आढळतात. ज्यांच्यावरून रे रोड हे नाव पडले त्या लॉर्ड रे यांच्या घराण्याची पदवी स्कॉटलंडमधील केथनेस परगण्यातील रे या गावावरून आली. केथनेस या नावाचा संबंध 'मांजर' हे नाव धारण करणाऱ्या एका प्राचीन जमातीशी जोडला जातो. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची नावे दीर्घकाळ इतरांनीच ठेवली होती. 'हरिजन' हेही असेच दुसऱ्याने दिलेले नाव होते आणि डॉ. आंबेडकरांनी ते नाकारले होते. 'दलित' या शब्दातून स्थितीची जाणीव व्यक्त झाली, तर 'पँथर' मधून त्या स्थितीला द्यावयाचे उत्तर. मराठीतील पशुवाचक शब्दांना गावगाड्याचा, म्हणींचा व जुन्या प्रतिष्ठेचा वास होता. 'पँथर' ला तसा भूतकाळ नव्हता.

तिसरे कारण म्हणजे त्या शब्दाने जोडलेले जग. 'पँथर' म्हणताच कामाठीपुऱ्यातील तरुण ऑकलंडमधील तरुणाशी एका वाक्यात येत होता. अनुवाद केला असता तर हा दुवा तुटला असता. याउलट उदाहरण तामिळनाडूचे आहे. १९८२ मध्ये मदुराईत दलित पँथर याच नावाने सुरू झालेली संघटना पुढे तोल. तिरुमावळवन यांच्या नेतृत्वाखाली 'विडुदलै चिरुत्तैगळ' झाली. तिथे 'पँथर' चे 'चिरुत्तै' असे तमिळ भाषांतर झाले. तमिळ अस्मितेच्या राजकारणात ते स्वाभाविक होते. मुंबईत मात्र मूळ इंग्रजी शब्दच मराठी झाला.

हा शब्द मराठी झाल्याची खूण व्याकरणात दिसते. 'पँथरचा मोर्चा', 'पँथरची छावणी', 'तो जुना पँथर आहे' अशी रूपे सहज बनली. मार्च १९७७ मध्ये ढाले व पवार यांनी दलित पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले, त्यानंतर भारतीय दलित पँथरने नामांतराच्या लढ्यात हे नाव पुढे नेले. संघटना फुटल्या, नेते वेगवेगळ्या पक्षांत गेले. तरी २०१४ मध्ये ढसाळ आणि २०१९ मध्ये ढाले यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावाआधी 'पँथर' हाच शब्द लावला गेला. पदवीप्रमाणे वापरला जाणारा असा दुसरा पशुवाचक इंग्रजी शब्द मराठीत क्वचितच सापडेल. जंगलातला काळा बिबट्या दिसला की वृत्तपत्रे 'ब्लॅक पँथर' लिहितात, पण त्यासाठी 'ब्लॅक' हे विशेषण जोडावेच लागते.

निष्कर्ष

१. 'पँथर' या शब्दाचा अर्थ प्रत्येक टप्प्यावर प्राण्यापेक्षा नाव देणाऱ्याच्या गरजेने ठरला. ग्रीकांनी त्यात 'सर्व श्वापदे' पाहिली, ख्रिस्ती लेखकांनी तारणहार पाहिला, वसाहतवाल्यांनी त्याच नावाने प्यूमा ओळखला आणि शिकाऱ्यांनी एका प्राण्याचे दोन केले.

२. भायखळ्यात ज्यांनी संस्था उभारली त्यांनी व त्यांच्या परंपरेतील अभ्यासकांनी निरीक्षणाच्या आधारे हा गोंधळ सोडवला. त्यातून 'पँथेरा' हे गणनाम स्थिर झाले आणि 'पँथर' हे व्यवहारातील नाव मागे पडले.

३. १९७२ नंतर मराठीत हा शब्द प्राण्यापासून बहुतांशी सुटला व मनुष्यवाचक झाला. ज्यांना नावे इतरांनी दिली होती त्यांनी स्वतः निवडलेले हे नाव होते. उसना शब्द असूनही तो मराठीत रुजला तो यामुळेच.

रे रोडच्या फलकावर एका गव्हर्नराचे नाव आहे आणि ते राज्यकर्त्यांनी दिले. तेथून काही अंतरावर, सत्तेचा कोणताही आधार नसलेल्या तरुणांनी एक इंग्रजी शब्द मराठीला दिला. पहिल्या नावामागील माणूस रोज त्या स्थानकावर उतरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असतो. दुसऱ्या नावाचा अर्थ महाराष्ट्रातील कोणत्याही वस्तीत सांगावा लागत नाही.